नेलपॉलिशचे दोन ठिपके

प्रिय गेणभाऊ,

हे पत्र मंगलच्या हाती पाठवतोय, कारण तुझा फोन तीन आठवडे सतत ‘व्यस्त’ आहे. एवढा व्यस्त मेकॅनिक मंचरात दुसरा नाही. मंगलनं तिच्या फोनवरून लावला तर पहिल्या रिंगला उचललास, वहिनी-वहिनी केलंस, आणि माझं नाव निघताच तुझी रेंज गेली. मंचरात रेंज जाते? तळेघरात जाते, राव. तुझ्या गॅरेजसमोर, स्टँडवर, चारचौघांत तुला चोर म्हटल्यावर तू माझा फोन उचलणार नाहीस हे मला कळतं. पण निदान बहाणा तरी चांगला शोधायचा.

तू मला शाळेपासून ओळखतोस. आहेराची साडीसुद्धा घडी मोडून बघणारा माणूस मी. डिंभ्याच्या चढाला प्रवाशांनी भरलेल्या जीपचं इंजिन जाम झालं, तेव्हा बायकोपासून कंडक्टरपर्यंत सगळे म्हणाले, नवी गाडी घ्या. गेलो शोरूमला. तिथल्या पोरीनं मला इतक्या वेळा ‘सर’ म्हटलं, की खिसा चाचपून पाहिला. बॉनेट उघडलं तर आत काळं प्लॅस्टिकचं झाकण. म्हटलं, हे काढा, इंजिन बघू. तर म्हणाली, “ते उघडायचं नसतं, सर.” जे उघडून दाखवत नाहीत, त्यावर मी विश्वास टाकणार? तू मात्र म्हणालास, “चासी दणकट हाय, नवी कशाला पायजे? आहे तेच इंजिन खोलू, सिलिंडरला बोअर मारू, नवे पिस्टन टाकू. सगळं तुझ्या डोळ्यांदेखत.” त्या ‘डोळ्यांदेखत’वर मी हो म्हणालो.

आणि इंजिन खोललंस त्या दिवशी तू चहा आणायला गेलास, तेवढ्यात मी काय केलं, ते आता ऐक. खिशातून संस्कृतीची नेलपॉलिशची बाटली काढली आणि ब्लॉकच्या कडेला एक, हेडच्या कोपऱ्यावर एक, असे दोन लाल ठिपके दिले. पोरगी घरी बाटली शोधत होती, आणि मी तुझा चहा पीत मनात हसत होतो. माझं सोडून दुसऱ्याचं जुनं लोखंड बसवलंस, तर पकडणार होतो तुला.

इंजिन बसवून दिलंस त्या दिवशी तू चावी देण्याआधीच मी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. ठिपका नाही. हेडवरही नाही. मग स्टँडवर जे ओरडलो, ते तुला ठाऊक आहे. तू हात पुसलेस, चावी बॉनेटवर ठेवलीस, एवढंच म्हणालास, “हजार किलोमीटर झाले की हेड पुन्हा आवळून घे. फकस्त माझ्याकडं येऊ नको.” मला वाटलं, खरा असता तर भांडला असता. तुझं जुनं गिऱ्हाईक दादाभाऊ, त्यांनी त्याच आठवड्यात त्यांचा ट्रॅक्टर तुझ्याकडून काढून दुसरीकडे नेला. आणखी दोघांनी कामं नेली म्हणतात. ती कमाई माझ्या जिभेची.

तरी माझं समाधान नव्हतं. पुरावा हवा होता. म्हणून तुला न सांगता जीप घेऊन नारायणगावला, जिथे तू बोअर मारायला दिलं होतंस त्या गुलाबचंद शेठच्या वर्कशॉपात गेलो. ठिपक्यांचं सांगितलं. शेठ पोट धरून हसले. कोपऱ्यात लोखंडी टाकी उकळत होती. म्हणाले, “अहो पावणं, काम धरायच्या आधी समदं कॉस्टिक सोड्यात उकळतो आमी. तिथं वीस वर्षांचं वंगण ऱ्हात न्हाई, तुमची नेलपॉलिश कशी ऱ्हाईल?” मग बॉनेट उघडून ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर फडक्यानं स्वच्छ करून दाखवला. तो मी लिहून घेतला. गाडीचं आरसी बुक अठरा वर्षं देवाच्या फोटोमागे आहे. घरी येऊन ते काढलं, ताडून पाहिलं. आकडा न् आकडा तोच. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या ह्या शहाण्यानं तो नंबर कधी वाचलाच नव्हता.

शेठ त्या दिवशी आणखी एक म्हणाले, तेही ऐक. तू म्हणे दोन दिवस तिथे तेलाच्या डब्यावर बसून होतास. जेवायलाही हलला नाहीस. त्यांनी विचारलं तर म्हणालास, “इंजिन सावळेरामचं हाय. लई संशयी माणूस. त्याच्या वाटणीची राखण मीच करतो.”

परवा एसटीनं मंचरला गेलो. त्याच जागी उभा राहून ओरडलो, की गेणभाऊ खरा आहे, इंजिन माझंच आहे, गाढव मी आहे. तुला चोर म्हटलं तेव्हा सगळा स्टँड गोळा झाला होता. ह्या खेपेला निम्मे लोक एसटीत चढून गेले. दादाभाऊ मात्र शेवटपर्यंत थांबले.

आता पत्राचं कारण. इंजिन बसवल्यापासून मीटरवर साडेनऊशे किलोमीटर झाले आणि मी जीप उभी केली. रोजचे प्रवासी पायी जातायत, मला शिव्या घालतायत. तळेघरहून तुझ्या दारात येईपर्यंत हजार भरतात, तेवढेच राखून ठेवलेत. हेड दुसऱ्या कुणाच्या हातून आवळणार नाही. रविवारी सकाळी येतो. शटर बंद असेल तर गाडी दारात ठेवून एसटीनं परत जाईन. उघडं असेल तर ह्या खेपेला चहा मी आणायला जाईन, गेणभाऊ. इंजिनापाशी तू एकटाच थांब.

तुझाच,
सावळेराम