चंदेरी की काळा

३ तारीख, मंगळवार

व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा. ठरलं!

डॉक्टर सकाळी म्हणाले, "आवाज राहणार नाही. माणूस राहील." बाबांच्या घशात गाठ आहे, तिच्यासाठी स्वरयंत्रच काढावं लागेल. चोवीस तारखेला. कागद मी वाचून दाखवला, बाबांनी अंगठा दिला आणि शाई पुसत मला विचारलं, "नीट वाचलंस ना? एखादी ओळ राहिली नाही ना?" मी तीनदा वाचला होता. घरात वाचता येणारी मी एकटीच. त्यामुळे ओळ राहिली तर ती माझ्यामुळेच राहते.

परत येताना एका दुकानाच्या काचेआड आम्ही तिघं दिसलो — आई, बाबा, मी. छोटेसे, निळसर, एका पडद्यावर. आत कुठेतरी कॅमेरा चालू असणार. बाबा आईला काहीतरी म्हणाले, पडद्यावरचे बाबाही तेच म्हणाले. मी तिथेच उभी राहिले. एकवीस दिवस आहेत.

५ तारीख, गुरुवार

दुकानात गेले. दुकानदार गॉगल डोक्यावर ठेवतो, दुकानात बसल्यावरही. "कॅमकॉर्डर घरगुती वापरायला की लग्नाच्या ऑर्डरी?" घरगुती म्हटल्यावर त्याने दोन काढून ठेवले. एक चंदेरी, तळहातात मावणारा. एक काळा, जड.

"ताई, डब्यावर आठशे पट लिहिलंय ते विसरा. डिजिटल झूम म्हणजे फुगा — मोठा दिसतो, आत हवा! ऑप्टिकल बघायचं, भिंगाचं. चंदेरीचं पंचवीस पट. खरंखुरं."

मी समोरच्या इमारतीवर धरला. तिसऱ्या मजल्यावर एक बाई सुईत दोरा ओवत होती. दोऱ्याचं टोक दिसलं! ओठांत धरून ओलं केलं तिने. मग मला वाईट वाटलं, तिला न विचारता बघितलं म्हणून. कॅमेरा खाली केला.

काळ्याचं विचारलं. "हा फार जवळ जात नाही. पण बाहेरचा माइक लावता येतो."

"तो कशाला?"

"आजूबाजूला गोंगाट असला तर."

"घर आहे हो आमचं."

"मग कशाला उगाच वजन वागवता!"

६ तारीख, शुक्रवार

स्वप्नात मी बाबांचा आवाज एका डबीत ठेवला होता आणि डबी कुठली ते आठवत नव्हतं.

८ तारीख, रविवार

दिवसभर तक्ता आखला. डावीकडे चंदेरी, उजवीकडे काळा. चित्र. झूम. अंधारात कसा दिसतो. हात थरथरला तर सांभाळून घेतो का. बॅटरी किती वेळ. बाहेरचा माइक — समोर लिहिलं 'नको'.

आत्या पलीकडच्या खोलीत राहते, पण असते आमच्याकडेच. तक्ता उलटा धरून बघितला. "मास्तरीणबाई, दादाचा आवाजच हवाय ना? मग साधा टेप आण. सिनेमा कशाला काढतेस?"

मी म्हटलं, "मला बोलताना बघायचंय त्यांना." बाबांची बोलायच्या आधीची एक तऱ्हा आहे. डावी भुवई वर जाते, ओठ थोडे पुढे येतात, जणू शब्द चाखून बघताहेत. ते टेपवर कसं येईल?

आत्या म्हणाली, "हं. मग दाढी करून बसव त्याला."

११ तारीख, बुधवार

मी काम करते त्या प्रयोगशाळेत, बियाणं तपासणीच्या खोलीत आज भोपळ्याचे ट्रे होते. ओल्या कागदावर शंभर बिया, त्यातल्या किती उगवल्या ते मोजायचं, आकडा लिहायचा. उबदार कपाटाचं दार उघडलं की ओलसर हवा तोंडावर येते आणि शंभर पांढरी शेपटं एकाच बाजूला वळलेली दिसतात, झोपेत कूस बदलल्यासारखी. मी एकच ट्रे चार वेळा मोजला. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "अगं, मोजून मोजून उगवणार नाहीत त्या."

संध्याकाळी पुन्हा दुकानात. ही चौथी खेप. दुकानदार हसला, "आलात? आता एक खुर्ची तुमच्या नावाची करतो." मी चंदेरीचा फ्लॅप उघडून दुकानाचा कोपरा बघत बसले. छोट्या पडद्यात कुठलीही वस्तू आधीच घडून गेल्यासारखी दिसते. पंखासुद्धा. आवाज तपासावा असं मनात आलं, पण तिथे सहा टीव्ही एकदम चालू होते, आपलाच शब्द आपल्याला ऐकू येईना.

१३ तारीख, शुक्रवार

चंदेरी घेतला. घरी येईपर्यंत डबा मांडीवर धरून बसले, कुणाचं तरी बाळ सांभाळायला दिल्यासारखा. काळ्याकडे जाताना बघितलंच नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. (हे कुणाला सांगायचं नाही!)

माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचतेय. कॅसेट साठ मिनिटांची. पान बेचाळीस — भरलेली कॅसेट मागे फिरवून बघितली आणि चुकून तांबडं बटण दाबलं गेलं, तर जुनं पुसून वर नवं भरतं. त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

१५ तारीख, रविवार

सगळ्यांना अंगणात उभं केलं. आई, बाबा, आत्या. तांबडा दिवा लागला आणि तिघंही ताठ झाले. हात सरळ, मान सरळ. आत्याने तर श्वासच धरला. आमच्याकडे आजवर फोटोच काढलेत ना! हलायचं नाही, पापणी मिटायची नाही, हे अंगात मुरलेलं.

"अहो, हला ना! बोला!"

आत्या ओठ न हलवता म्हणाली, "झाला का काढून?"

चार मिनिटं. तीन माणसं आणि मागे दोरीवर हलणारा एक टॉवेल.

१७ तारीख, मंगळवार

बाबांना एकट्याला खुर्चीत बसवलं. खिडक्या लावल्या. आईला आणि आत्याला बाहेर पाठवलं. "बाबा, बोला."

बाबांनी घसा साफ केला. कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे.

"काय बोलू?"

"काहीही. लहानपणचं. धार लावायचा धंदा कसा सुरू केलात ते."

अकरा मिनिटं बसून होते. हात मांडीवर पालथे. शेवटी म्हणाले, "पोरी, रिकाम्या हातांनी मला नाही जमत. चाक थांबलं की तोंड थांबतं माझं."

पण तोवर मी बटण बंद केलं होतं.

२२ तारीख, रविवार

जमलं! जमलं!

घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं धार लावायचं दुकान आहे. मोटरवरचं चाक, शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे. बाबा चाकावर, समोर स्टुलावर आई. बाबांनी दिलेली कात्री ती चिंधीवर चालवून बघते. चिंधी अडली तर परत. अठ्ठावीस वर्षं हेच. मला तिथे कधी बसू दिलं नाही. "तू आत जा. अभ्यास कर." आतल्या खोलीत, भिंतीपलीकडे चाक, आणि मी पाढे. दहावीचा निकाल लागला तेव्हाही मी आतच होते.

आज पहिल्यांदाच आईशेजारी बसले, कॅमेऱ्यात नवी कॅसेट घालून. चाक सुरू झालं आणि पाच मिनिटांत बाबा बोलायला लागले. भुवई वर गेली, ओठ पुढे आले, तस्सेच! मी झूम करत करत गेले, चेहरा पडदाभर. खालून ठिणग्या उडत होत्या आणि कडेला जाऊन विझत होत्या. बाबा हसले, मान हलवली, पुन्हा बोलले. मी हात स्थिर ठेवण्यात इतकी गुंतले होते की शब्दांकडे लक्षच नव्हतं. ते मग सावकाश ऐकू, कॅसेटमध्ये आहेतच. अख्खा तास! ते माझ्याकडे बघत नव्हते, आईकडे बघत होते. बरंच झालं, नाहीतर पुन्हा ताठ झाले असते.

कॅसेट काढली, पुसलं जाऊ नये म्हणून असतं ते बारकं कुलूप सरकवलं, कपाटात ठेवली. लावून बघितली नाही. पान बेचाळीस.

२३ तारीख, सोमवार

बाबांना दाखल केलं. जाताना त्यांनी चाकावर फडकं टाकलं, पिंजऱ्यावर टाकतात तसं.

२४ तारीख, मंगळवार

झालं. माणूस राहिला.

२६ तारीख, गुरुवार

आई दवाखान्यात होती, मी घरी एकटी. कॅसेट लावली.

चाक.

फक्त चाक! तासभर चाकाचा घरघराट आणि पातं टेकलं की किंकाळी. त्याच्या आत कुठेतरी बाबा, तळ्याच्या तळाशी बोलल्यासारखे. एक शब्द नाही. आवाज पूर्ण वाढवला, टीव्हीला कान लावला. एक शब्द नाही.

मला रविवारी हा आवाज ऐकूच आला नव्हता. चाकाच्या आवाजातच मोठी झाले, मला तो कधी आवाज वाटलाच नाही. 'घर आहे हो आमचं!'

२७ तारीख, शुक्रवार

तक्ता काढून बघितला. 'नको'. माझ्याच अक्षरात, नीट, रेघेवर.

बाबांचा आवाज माझ्याजवळ एवढाच आहे — "काय बोलू?" दोन शब्द. दहा वेळा ऐकले. मग झिजतील या भीतीने थांबले.

आईला सांगितलं नाही. ती विचारतेय, "कॅसेट कधी दाखवतेस?" मी म्हणते, उद्या. आज प्रयोगशाळेत आकडा चुकला. पहिल्यांदाच.

२८ तारीख, शनिवार

आईने आज ऐकलं नाही. "लाव," म्हणाली. मी आधीच रडायला लागले. सगळं सांगितलं — माइक, काळा, 'नको', सगळं. तिने नुसतं ऐकून घेतलं, पदराने टीव्हीची काच पुसली आणि समोर बसली.

चाक सुरू झालं. आई म्हणाली, "ते बंद कर आधी. डोकं उठतं." मी आवाज बंद केला. पडद्यावर बाबांचा चेहरा, ठिणग्या, शांतता.

आई हसली.

"काय झालं?"

"अगं, त्या शिंप्याची नक्कल करताहेत. म्हणतात, त्याची कात्री बोथट नाही, त्याची अक्कल बोथट आहे."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती पडद्याकडे बघत राहिली आणि बाबांचे ओठ हलले की मागोमाग बोलत राहिली, सहज, मी वर्तमानपत्र वाचून दाखवते तशी. "आता म्हणतात, सकाळच्या चहात साखर नव्हती... आता म्हणतात, हिचा हात बघ कसा स्थिर आहे, माझ्यावर गेलाय." जिला मी पाटीवर 'अ' गिरवायला लावला होता आणि जी म्हणाली होती, "माझ्या डोळ्यांत अक्षरं शिरत नाहीत गं" — ती!

"आई, तुला हे कधीपासून येतं?"

"काय येतं?"

"हे. ओठांवरचं वाचता."

"यात येण्यासारखं काय? चाकावर कुणाला काय ऐकू येतं? आम्ही असंच बोलतो." मग म्हणाली, "तू आत असायचीस ना."

बाबांचा चेहरा पडदाभर होता. ओठांची प्रत्येक घडी दिसत होती. काळ्याला एवढं जवळ जाता आलं नसतं.

पुढे एका जागी बाबा बराच वेळ बोलले, डोळे बारीक करून.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, हिला वाटतंय मी हिच्यासाठी बोलतोय."

"आणि?"

आईने पदर नीट केला. "आणि पुढचं तुझ्यासाठी नाहीये."

२ तारीख, गुरुवार

आई रोज संध्याकाळी शिकवते. आवाज बंद, दहा मिनिटं, पुन्हा मागे, पुन्हा तेच. 'पाणी' आणि 'मानी' मला सारखेच दिसतात. "ओठांकडेच काय बघत बसतेस? अख्खा माणूस बघ," म्हणते. मी वर्गात सगळ्यात ढ आहे आणि वर्गात मी एकटीच आहे.

आज दवाखान्यात बाबांच्या गळ्याला पट्टी, उशाला दवाखान्याने लिहायला दिलेली पाटी, कोरीच. आई औषधं आणायला खाली गेली होती. मी म्हटलं, "बाबा, बोला." बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग हातांकडे. डावी भुवई वर गेली. ओठ पुढे आले.

काय बोलू?

कुणालाही न विचारता वाचलं!