वरवंट्याचा टवका

बेडोक, सिंगापूर
रविवार, दुपार

ती. ललिताआत्येस,

निशिकांतचा वाकून नमस्कार (गुडघा दुखतो, म्हणून साष्टांग नाही). तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. हे पत्र आता तुला शेजाऱ्यांकडून वाचून घ्यावं लागणार नाही, याचा मला तुझ्याहून जास्त आनंद आहे. बाळ दीड महिन्याचं झालं, प्रणिताची तब्येत सुधारते आहे, चैत्रालीला बहीण आवडते पण आवाज आवडत नाही. आई मजेत आहे, आणि ती तशीच राहावी म्हणूनच हे पत्र. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तुला आलेला प्रत्येक निरोप तू तासाभरात आईला पाठवतेस, हे अनुभवाने माहीत आहे.

प्रणिता बुओना व्हिस्टाला काय काम करते हे तू लग्नापासून विचारतेस आणि मी ‘संशोधन’ म्हणून वेळ मारून नेतो. आता सांगून टाकतो. वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वीच्या माणसांनी जनावरांच्या हाडांवर दगडांनी केलेल्या खुणा ती भिंगाखाली तपासते. मांस कापताना दगडाच्या धारेने हाडावर बारीक चरे पडतात आणि आतला मगज काढायला हाड फोडलं की वेगळे खळगे पडतात. हे ओळखायचं, तर आजची हाडं दगडाने फोडून दोन्ही खुणा शेजारी ठेवून बघाव्या लागतात. म्हणजे चातुर्मासात कांदा न खाणाऱ्या आपल्या घराण्याची सून पगार घेऊन नळ्या फोडते. आईला मी ‘जुन्या वस्तूंचा अभ्यास’ एवढंच सांगितलं आहे, आणि ते खोटं नाही.

तर चैत्रालीच्या वर्गात आदिमानव हा विषय निघाला. तिने (कुणाला न विचारता) जाहीर केलं की माझी मम्मी हाड फोडून दाखवेल. मम्मी बाळंतीण, म्हणून काम माझ्यावर आलं. मी फोडायचं, चैत्रालीने फोनवर चित्रण करायचं. प्रणिताचे दगड तिच्या प्रयोगशाळेत कुलपात. मी म्हटलं, दगडच ना, कुठेही मिळेल. आत्या, सिंगापुरात दगड मिळत नाही. मी दोन तास हिंडलो. जे आहेत ते झाडांच्या कुंड्यांत मांडून ठेवलेले, आणि त्यातला एक उचलताच झाडूवाल्या काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो पुसून परत ठेवला. आपल्याकडे पायाला ठेच लागून लागून दगड नको होतात, इथे ठेच लागायचीही सोय नाही.

मग मला वरवंटा दिसला.

होय, तोच. आईने बारशासाठी साताऱ्याहून साड्यांत गुंडाळून आणलेला (पाटा वजनामुळे राहिला, वरवंटा राहिला नाही). ज्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, माझ्या बारशाला फिरवला, चैत्रालीच्या बारशाला फिरवला. एका टोकाला जुना टवका आहे बघ, हळकुंड फोडताना उडाला असं आई सांगते. मी मनाशी म्हटलं, एकदा वापरू, धुऊन ठेवू, कुणाला कळणार. ज्याची अक्कल गहाण पडते तो असंच म्हणतो.

आई बाळाला तेल लावत होती तेव्हा वरवंटा लॅपटॉपच्या पिशवीत घालून मी चैत्रालीसह मार्केटात गेलो. जन्मात मटण न घेतलेल्या माणसाने काय मागावं? मटणवाल्या भाईंनी नळी दाखवून हिंदीत विचारलं, तुकडे करून देऊ? म्हटलं, नको, मी दगडाने फोडणार आहे. त्यांनी सुरा खाली ठेवला आणि चैत्रालीला हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? वर मांसाचा एक तुकडा त्यांनी फुकट दिला. मला वाटतं कीव आली.

पासिर रिसच्या पार्कमध्ये शेकोटीच्या ओट्यावर मी नळी ठेवली. पहिला घाव घसरला, दुसरा अंगठ्यावर बसला. आजूबाजूला माणसं जमली. एका आजीबाईंनी मला काडीला टोचून भाजलेलं चिकन देऊ केलं. चैत्राली फोनमागून म्हणाली, “बाबा, एनीहाऊ व्हॅक लाह.” (म्हणजे कसाही हाण. इथली पोरं असंच इंग्रजी बोलतात.) तिसरा घाव मी सगळं बळ एकवटून घातला. नळी उभी चिरली, मगज बाहेर आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वरवंट्याच्या चांगल्या टोकाचा टवका उडून गवतात पडला.

चैत्रालीने तो उचलला आणि त्याच्या कडेने मांसाचा काप काढला. विळीने पडवळ चिरावं तसा. घरी प्रणिताने तो टवका भिंगाखाली धरला आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा पोटभर हसली. म्हणाली, अरे, असेच टवके काढून माणूस कापायला शिकला. कच्चं मांस आपल्या दातांना चावत नाही, ते कापून, ठेचून खाल्लं म्हणून चावण्याचे कष्ट वाचले, आणि पुढे दात-जबडे लहान झाले ते कदाचित त्यामुळेच, असं तिच्या क्षेत्रातले काही लोक मानतात. (तोंड असं रिकामं झाल्यावर माणूस बोलायला लागला असेल, हा माझा अंदाज. आपल्या घराण्याकडे पाहून बांधला आहे.)

हसू तिचं, धुणं माझं. वरवंटा मी साबणाने, चिंचेने, कढत पाण्याने धुतला आणि देवातलं थोडं गंगाजल शिंपडलं. तो वाळतो न वाळतो तोच आईने त्यानेच ओट्यावर लसणीची चटणी ठेचली. मला म्हणाली, आज हात चांगला लागलाय, खा की. मी चटणी हळूच पोळीखाली सरकवली. आत्या, खरंच सांगतो, मला लाज वाटली. बाबा गेल्यापासून ती कशात फार मन घालत नाही. हे बारसं एवढं तिने मनावर घेतलं आहे. आणि त्यातली एकुलती एक वस्तू मी बाटवली आणि फोडली. दुसऱ्या दिवशी टवका झाकायला मी ‘सराव’ म्हणून वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून पाळण्यात निजवून टाकलं. बाळ माझ्या मांडीवर झोपतं. आई रोज दोघांना पांघरूण घालते.

सगळ्यांना नमस्कार. थंडी पडली असेल, जप.

तुझा,
निशी

ता. क. : तुझा अभय बारशाला एकवीस तारखेला येतोच आहे. त्याच्याबरोबर तुझा वरवंटा पाठव. मोठ्या बॅगेत घालायला सांग, हातातल्या पिशवीत दगड घेऊन विमानात चढू देत नाहीत.

ता. क. २ : आईला फोन करून सांग की बारशाचा वरवंटा आत्याच्याच घरचा लागतो, अशी आपल्यात रीत आहे. नसली तरी सांग. तुझं ती ऐकते. पाकीट तिच्याकडेच देतो आहे, फिरायला जाताना पेटीत टाकेल. नीट चिकटवलं आहे.

(वेगळ्या अक्षरात)

वन्सं, नमस्कार. पाकीट चहाच्या वाफेवर उघडलं. नवा टवका मी चटणी ठेचतानाच पाहिला होता, पोराचं तोंड बघून विचारलं नाही.

निशी व्हायच्या आदल्या वर्षी हे टायफॉइडमधून उठले ते नुसती काडी होऊन. डॉक्टरांनी नळीचं पाणी द्या म्हटलं. मामंजी कराडला गेलेले. कंपाउंडरने कागदात गुंडाळून आणलेली नळी तुम्ही परसात याच वरवंट्याने फोडलीत, मी दाराशी पहारा केला, बंबाच्या विस्तवावर शिजवली. पहिला टवका तुमच्या हातचा. महिन्याभरात हे पायऱ्या चढू लागले. निशीच्या बारशाला पाळण्याखालून वरवंटा माझ्या हातात देताना तुम्ही हसलात, ते मला अजून दिसतं.

तेव्हा दुसरा वरवंटा नको. बारसं याच्यानेच होईल. निशीला यातलं काही सांगू नका, एकवीस तारखेपर्यंत भिऊ दे जरा.

पाठवायचंच असेल तर अभयबरोबर पाव किलो हळकुंडं पाठवा. टवका कशाने उडाला, हे चैत्रालीला दाखवायला लागतील.

तुमची, संजीवनी