हाय नव्हे, कॅल्शियम

नाना, परवा भडगावला दादाच्या मुलीची हळद होती. अंगणात खापरावर मांडे चालले होते. नवरीची आत्या मी, म्हणून हळदीच्या वाटीकडे हात नेला, तशी अक्का, तुमची सख्खी बहीण, सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "पहिले बापना फोटोमोरे नाक घस, मंग हयदले हात लाव." वर आणखी, कुणी ऐकलं नसेल तर म्हणून, "पोरनी लगीन मोडं, बापनी हाय खादी." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हिचं आपलं तेच! मीही गप्प बसले नाही. नाक घासणार नाही म्हटलं आणि पोरीला हळद लावूनच उठले. दादा मध्ये पडला नाही, मांडवाच्या दोऱ्या ओढून बघत राहिला.

तुम्हाला नीट सांगते. धुळ्याला शिकायला निघाले तेव्हा ओट्यावर बसून तुम्ही विचारलं होतं, तिथे नेमकं काय करणार. हृदयाच्या पेशींतलं कॅल्शियम बघणार, म्हटलं. "कॅल्शियम त हाडस्मा राहस ना वं?" तुम्ही हसलात, मीही हसले, आणि ते तसंच राहून गेलं. तर ऐका. हृदयाच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमची एक कोठी असते. ठोक्याच्या वेळी बाहेरून चिमूटभर कॅल्शियम आत येतं आणि तेवढ्यावर कोठीची दारं उघडून आतलं पुष्कळ बाहेर पडतं. आपला हातपंप पाणी ओढेनासा व्हायचा तेव्हा तुम्ही वरून तांब्याभर ओतायचात, मग खालचं भडाभडा यायचं, तसंच. त्या कॅल्शियमने स्नायू आवळतो. मग पेशीतले पंप त्यातलं बहुतेक सगळं ओढून पुन्हा कोठीत भरतात, तेव्हाच तो सैल होतो. हे दर ठोक्याला, जन्मभर. थकलेल्या हृदयात हे पंप मंदावतात, दारं गळू लागतात. कोठी पुरती भरत नाही, मग धड आवळणं नाही की धड सैल होणं नाही. ओटा चढलात की तुम्ही खांबाला धरून उभे राहायचात, हातानेच थांब म्हणायचात. ते यामुळे.

आणि हे कधीपासूनचं? धुळ्याच्या डॉक्टरांनी "हृदय मोठं झालंय" म्हटलं, ती तुम्ही शाबासकी समजलात. एसटीतून उतरल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलात, "डॉक्टर म्हनस, मन्हं काळीज मोठं शे!" बठ्ठा गाव माना डोलवत होता. मी कपाळाला हात लावला. तेव्हा माझा साखरपुडासुद्धा झाला नव्हता, नाना! तो पुढच्या वर्षी झाला. लग्नानंतर प्रयोगशाळा बंद, असं तिकडच्यांनी सांगितलं तेव्हा मी तो मोडला. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत आणि त्याच पावसाळ्यात गेलात. गावाने लगेच दोन्हीची गाठ मारली.

ती मी मारू देणार नाही. हृदय तुमचं आधीच थकलेलं होतं, आणि जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करणारे तुम्हीच. अक्काला म्हणावं, बोल जन्मभर. लग्न मोडल्याचा मला आजही पस्तावा नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. तुमचा राग आला होता, फार आला होता. अजून आहे. बापाने लेकीशी न बोलता जावं का?

हे तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. माणूस आतून हादरला की रक्तात अ‍ॅड्रेनालिन वाढतं. ते बरेच दिवस वाढलेलं राहिलं की थकलेल्या पेशींतल्या कोठीची दारं आणखी गळतात. दरवर्षी मी हे फळ्यावर काढून पोरांना शिकवते. अक्काला मात्र कधी सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही.