‘ऑन थर्सडे’ माल निघेल

सोमवार, १७ नोव्हेंबर
जे झालं ते क्रमाने. कोणी विचारलं तर हाताशी असावं.
१. मागच्या मंगळवारी चेन्नईच्या ग्राहकाला मेल : ब्रॅकेट तपासून कधी देतो.
२. मी लिहिलं ‘बाय थर्सडे’. मसुदा जाधव सरांना, म्हणजे मॅनेजरना, पाठवला. त्यांचं उत्तर : ‘ऑन’ कर. बाय म्हणजे कधीही. त्यांना पक्का दिवस लागतो.
३. केबिनमध्ये त्यावर वीस मिनिटं. गुरुवारी कंपनीला साप्ताहिक सुट्टी, हे दोघांनाही सुचलं नाही.
४. गुरुवारी त्यांचा ट्रक गेटवर. आत फक्त वॉचमन. रिकामा परत.
५. शनिवारी त्यांची लाइन थांबली.
६. मेलखाली नाव माझं.

मंगळवार, १८
तपासणीच्या टेबलावर सुरेखाताई : “अगं, गुरुवार इसरलीस व्हय? आमच्या कुरुळीत लग्नंसुदिक गुरुवार बघून धरत्यात!” सगळ्या हसल्या. मीही, थोडं.
मीटिंगमध्ये जाधव सर : “हिचं इंग्लिशच कच्चं.” सुट्टीचा विषय निघाला नाही. मी काढला नाही. महिनाअखेर कन्फर्मेशन आहे, कायम झाल्याचं लेटर.

बुधवार, १९
एचआरने बोलावलं. प्रोबेशन तीन महिने वाढवलं. कारण : कच्चं इंग्रजी.
घरी, चिखलीत, आप्पांचा रोजचा प्रश्न. “लेटर आलं का गं?” ते स्वतः कॉन्ट्रॅक्टवरच रिटायर झाले. म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. “मग पेढ्यांचं सांगून ठेवतो.” नको म्हणता आलं नाही.

गुरुवार, २०
सुट्टी. वही काढली. वाजले की ॲट, वार-तारीख ऑन, महिना-वर्ष इन, मुदत बाय. वीस वाक्यं, वीस बरोबर. कोणाला दाखवायची?
चूक माझीही आहे. गुरुवार मलाही आठवायला हवा होता. पण ती चूक कागदावर कुठेच नाही. कागदावर आहे ते मी केलेलंच नाही.
जेवले नाही. तीन महिन्यांनी पुन्हा हेच...

शुक्रवार, २१
एचआरला मेल केला. मराठीत. सरांचं उत्तर जोडलं. त्यांना कळेलच. कळल्यावर या खात्यात माझं काही खरं नाही. शेवट उतरवून ठेवते :
“ट्रक परत जाण्याचे कारण साप्ताहिक सुट्टी लक्षात न घेणे हे आहे. ती चूक माझी व जाधव सरांची, दोघांची आहे. प्रोबेशन वाढवताना दिलेले कारण चुकीचे आहे. ते बदलणार की नाही, याचे लेखी उत्तर मंगळवार, २५ नोव्हेंबर, दुपारी चारच्या आत द्यावे.”