होरेसभाऊजींची बंदूक आणि सहावा चमचा

प्रिय म्युरिएलताई,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? कॉर्नवॉलच्या समुद्राच्या हवेनं ती सुधारेल असं तुझी लेक म्हणाली होती, पण ज्या हवेत माशांचा वास येतो तिनं माणूस सुधारतो यावर माझा विश्वास नाही. जावई अजून जेवताना गातो का? (उत्तर नको, कळलं.) आम्ही इकडे ऑल्डरबीत सुखरूप आहोत. बीट भरघोस आलंय, ग्लेनिसचा खोकला आटोक्यात आहे, आणि माझा उजवा डोळा आता पूर्ण उघडतो. डोळ्याचं पुढे येईलच.

पत्र लिहायचं कारण तुला ठाऊक आहे. होरेसभाऊजींना पोचवून आलो त्या दुपारी तू त्यांची हवेची बंदूक माझ्या हातात दिलीस आणि ती निळ्या मखमलीची पेटी उघडून दाखवलीस. आपल्या क्लबाच्या वार्षिक नेमबाजीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारे चांदीचे चमचे, पाच. सहाव्याची खाच रिकामी. 'एकच राहिला रे नेव्हिल,' एवढंच तू म्हणालीस. आणि मी, डोळे भरलेले असताना माणसानं जे कधीही करू नये ते केलं, म्हणजे वचन दिलं. ज्या माणसाला जत्रेत चेंडू मारून कधी नारळसुद्धा पाडता आला नाही, त्यानं.

तर बंदूक भाऊजींची होती, पण तिच्यावरची दुर्बीण आतून धुक्यानं भरली होती. म्हणून मी नवी आणली. दुकानदारानं दुर्बीण, ती बंदुकीला धरणारी दोन कडी, सहा स्क्रू आणि एक बारीकशी खुंटी दिली. खुंटी कशाला ते मला कळलं नाही, म्हणून जास्तीची समजून खोक्यातच ठेवली. (तू आत्ता मान हलवते आहेस. हलव.) आता या स्प्रिंगच्या बंदुका दिसायला गरीब, पण सुटताना आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देतात, आणि त्या झटक्यानं दुर्बीण दर नेमाला केसभर मागे सरकते. ती तशी सरकू नये म्हणूनच ती खुंटी. पंचवीस-तीस नेमांनंतर दुर्बीण माझ्या भुवईला येऊन भिडली. रविवारी चर्चमध्ये माझा काळानिळा डोळा बघून लोकांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या बायकोकडे पाहिलं. ग्लेनिसनं एका शब्दानं खुलासा केला नाही. उलट त्या आठवड्यात बाजारात सगळे तिच्याशी फार अदबीनं बोलत होते असं ती म्हणते, आणि तिला ते आवडलेलं दिसलं.

खुंटी बसवली. मग कळलं की छर्रे खाली पडतात. नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा भरायचा, त्यामुळे वर्षानुवर्षांनी नळी जराशी मान टाकते. दुर्बिणीवरची फिरकी वर, वर, आणखी वर फिरवत गेलो. प्रत्येक फेरीला ती टिकटिक वाजे, आणि शेवटी वाजेनाशी झाली, कारण फिरायला जागाच उरली नाही. यावर उपाय सोपा आहे: मागच्या कड्याखाली पत्र्याचा पातळ तुकडा सरकवायचा. पत्रा मी घरातूनच मिळवला. ग्लेनिसच्या आईचा, राणीचं चित्र असलेला चहाचा डबा तुला आठवत असेल. मी मागच्या बाजूनं अगदी नखाएवढा तुकडा कापला, राणीला धक्कासुद्धा लावला नाही. पण चहा सादळला आणि चौकशी सुरू झाली. त्या चौकशीचं वर्णन करत नाही. तीन दिवस मी चहा शेजारी पीत होतो.

आता मुख्य काम उरलं. दुर्बिणीतली उभी रेघ बंदुकीशी अगदी सरळ हवी, नाहीतर जवळचा नेम लागतो आणि लांबचा भरकटतो. पण सरळ कशावरून ठरवायचं? आपल्या या दलदलीच्या मुलखात जमीनच दर वर्षी थोडी बसते. आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पाणसळ ठेवली की आतला बुडबुडा एका टोकाला जाऊन बसतो. वाटाणा सांडला तर तो स्वतःहून दाराशी जातो. भिंती, कुंपण, विजेचे खांब, कुणाचाच भरवसा नाही. मी क्लबाच्या चिटणिसाला, म्हणजे कथबर्ट पेलला, विचारलं. तो चर्चचा विश्वस्तही आहे हे तुला माहीतच आहे. तो छाती काढून म्हणाला, 'आपल्या चर्चचा मनोरा आहे की! सातशे वर्षं सरळ उभा आहे. त्याच्यावर रेघ लाव आणि झोप निवांत.' मी बंदूक अंगणात शिकंज्यात सरळ धरली, मनोऱ्याच्या कडेला रेघ लावली, देवाचं नाव घेऊन स्क्रू आवळले.

ताई, तीस यार्डांवर असे नेम बसले म्हणून सांगू! छर्ऱ्यावर छर्रा. एकाच भोकातून पाच गेले. ग्लेनिसला मुद्दाम बाहेर बोलावून दाखवलं; ती म्हणाली की एकच लागलाय, बाकीचे कुठं गेले? पण ऐंशी यार्डांवर छर्रा उजवीकडे जाई. मी वाऱ्याला दोष दिला. (आपल्याकडे वाऱ्याला दोष देणं नेहमीच रास्त असतं.) मग वारा पडला, तरी उजवीकडेच. बाजूची फिरकी फिरवून लांबचं जमवलं की जवळचं डावीकडे बिघडे. जवळचं जमवलं की लांबचं पुन्हा उजवीकडे. श्वास रोखून पाहिला, मोजे बदलून पाहिले. भाऊजींची ती भोकं पडलेली लोकरी टोपीसुद्धा घालून पाहिली. टोपीत अजून त्यांच्या तंबाखूचा वास आहे. त्या दिवशी नेम लागला नाही, पण मी बराच वेळ तसाच गवतावर पडून राहिलो. मला ते फार आठवतात, ताई.

स्पर्धा गेल्या शनिवारी झाली. नेहमीसारखे नेमाला पत्र्याचे कावळे, निम्मे जवळ, निम्मे लांब. नेहमीसारखा पाऊस, सॉसेज रोल आणि कथबर्टचं भाषण. तपशिलात शिरून तुला कंटाळा आणत नाही. एवढंच सांगतो, की संध्याकाळी सगळ्यांच्या टाळ्यांत मला पुढे बोलावलं आणि कथबर्टनं माझ्या हातात चमचा दिला. तुझे पाच आणि हा सहावा. वचन पाळलं.

लेकीला आशीर्वाद, मांजराला कुरवाळणं, जावयाला नुसता नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
नेव्हिल

ता. क. चमचा लाकडी आहे. सर्वांत शेवटी येणाऱ्याला आपल्याकडे तोच देतात हे तुला सांगायला नको. लांबचा एकही कावळा पडला नाही. चांदीचा पोस्टातल्या हेझलनं नेला. खोटं मी लिहिलेलं नाही, पण तू आनंदानं लेकीला हाक मारायच्या आत हे वाचावंस म्हणून लगेच लिहितो आहे.

पुन्हा ता. क. बक्षिसानंतर चहाच्या वेळी मी आपल्या वाऱ्याबद्दल बोलत होतो, तेव्हा ग्लेनिस भर मंडपात केक खाता खाता म्हणाली, 'वारा कसला! मनोरा वाकडा आहे.' ताई, तुला ठाऊक आहे, ऑल्डरबीत हे कुणी बोलत नाही. बोलतात ते पलीकडच्या क्वाडलीचे, आणि ग्लेनिसचं माहेर क्वाडलीचं. इतकी वर्षं तिनं ते गिळून ठेवलं होतं. सगळे बाहेर आले, बघितलं. नदीकडे झुकलाय. चांगला झुकलाय. कुणी गेल्यावर काढतात तशा काहींनी टोप्या काढल्या. मी ज्या सरळ रेघेवर विश्वास ठेवला ती सगळ्या गावानं मिळून सरळ म्हटलेली होती, एवढंच.

शेवटचा ता. क. निघताना कथबर्टनं मला कोपऱ्यात घेतलं. खजील झाला होता. म्हणाला, 'खरं सांगू का, होरेस मनोऱ्याकडे बघायचासुद्धा नाही. रेघ सरळ आहे का बघायला तो म्युरिएलला पाठीमागे उभी करायचा. तिनं हं म्हटलं की स्क्रू आवळायचा.' हे तू मला कधी सांगितलं नाहीस. पेटी दाखवलीस, बंदूक दिलीस, आणि स्वतः मात्र एवढ्या लांब समुद्रकाठी जाऊन बसलीस. मी काल सगळे स्क्रू सैल करून ठेवले आहेत. ग्लेनिसनं मागची खोली झाडली, खिडकीशी खाट लावली. (तिनंच, मी सांगितलं नव्हतं.) पुढच्या स्पर्धेला अजून वर्ष आहे. तू येऊन माझ्या मागे उभी राहून हं म्हणेपर्यंत मी त्या स्क्रूंना हात लावणार नाही.