शाल मी विसरले नव्हते

जो झाकलेले सारे पाहतो आणि तरीही आपल्या लेकरांची लाज राखतो, त्या कृपाळूच्या नावाने लेखणी उचलते. त्याचा आधार नसता तर आज माझ्या हातून एक अक्षरही उमटले नसते.

इस्तारावशान,
बुधवार, पहाटेच्या नमाजानंतर

प्रिय मोहिरा,

तुझ्या सासूचे, तुझ्या आयाचे अक्षर तुला ठाऊक आहे. आज ते वेडेवाकडे दिसेल, आणि त्याला थंडी कारण नाही. मला भीती वाटते आहे. सत्तरी ओलांडलेल्या, चाळीस वर्षे या गल्लीतल्या मुलींना धर्मग्रंथ शिकवणाऱ्या, म्हणून बीबी-ओतून म्हणवल्या जाणाऱ्या बाईने असे लिहावे हे शोभत नाही. पण आज खरे तेच लिहायचे असे ठरवून बसले आहे, आणि पहिले खरे हेच आहे. तळ्याकाठच्या हॉटेलात माझी खोली आवरणाऱ्या सबोहतला चोर ठरवले आहे. आज दुपारच्या नमाजानंतर पोलीस अधिकारी तिचा जबाब घ्यायला तिथे येणार आहे. तिच्याविरुद्ध साक्षीदार एकच आहे, आणि ती मी आहे.

माझ्या गुडघ्यांना पाण्याकाठची उबदार हवा मिळावी म्हणून माझ्या लेकाने, इस्कंदरने, चार दिवसांची खोली घेतली, तेव्हा निघण्याआधी तू मला बक्षिसीची रीत पढवली होतीस. सामान उचलणाऱ्याला तिथल्या तिथे हातात द्यायचे. खोली आवरणारीला रोज द्यायचे, शेवटच्या दिवशी एकदम नाही, कारण रोज तीच बाई येईल असे नसते. आणि नुसते ठेवून निघायचे नाही, सोबत चिठ्ठी हवी. चिठ्ठी नसली तर पाहुणा वस्तू विसरला असे धरून ती कचेरीत जमा करावी लागते. मी हसले. तू म्हणालीस, "हसू नका, आया. ती काही तुमची गल्ली नाही. तिथे बीबी-ओतून म्हणजे कोण, हे कुणाला माहीत?" तुझा तो शब्द मला बोचला होता. आता कबूल करते.

सामान उचलायला तोलिब-अका आले. माझ्याच वयाचे, पाठ मात्र अजून ताठ. पेटी उचलताच म्हणाले, "बीबी, आत दगड भरलेत का?" मी म्हटले, "पुस्तके आहेत." "मग दगडच बरे होते. निदान ते वाचावे लागत नाहीत!" मी त्यांच्या हातात पाच सोमोनी ठेवले. त्यांनी नोट कपाळाला लावली, तेव्हा चादरींचा ढीग घेऊन येणारी एक बाई ओरडली, "अका, नोट कपाळाला लावता, आणि घरी बायकोला सांगता की आज पाहुणे फार कंजूष होते!" तीच सबोहत. तिशीची असेल. नवरा रशियात, दोन वर्षे त्याचा फोन नाही, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली सासू घरी. हे तिने सांगितले नाही, तोलिब-अकांनी सांगितले. तिने स्वतःविषयी एक शब्द काढला नाही.

पहिल्या दिवशी मी उशीखाली दहा सोमोनी ठेवले. दान डाव्या हातालाही कळू नये, ही माझी शिकवण. संध्याकाळी ते मेजावर होते, त्यावर पाण्याचा पेला. दुसऱ्या दिवशीही तसेच. मी विचारले तर म्हणाली, "चिठ्ठी नाही ना, बीबी. उचलले तर चोरी, नाही उचलले तर तुमचा अपमान. आता मी काय करू ते तुम्हीच सांगा." मी तिला समजावले की दिलेले लिहून ठेवणे म्हणजे मिरवणे, आणि मिरवलेल्या दानाचे पुण्य वाऱ्यावर जाते. ती ऐकून घेत होती, आणि ऐकता ऐकता माझे मोजे घडी करत होती. मोहिरा, मी तिला धर्म शिकवला. तिच्या नोकरीचा नियम मात्र मला शिकायचा नव्हता.

चारही दिवस तिने स्वयंपाकघरातून कोमट पाण्याची झारी आणली, कारण न्हाणीघराची फरशी निसरडी होती आणि नमाजाआधी वजूसाठी हात-पाय धुताना मी पडेन अशी तिला धास्ती. न सांगता तिने एकटीने ती जड खाट फिरवली, झोपताना माझे पाय किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, होऊ नयेत म्हणून. शेवटच्या सकाळी पाण्यावरून बोचरे वारे सुटले होते. ती उंबऱ्यात उभी, डोक्यावरचा रुमाल ओला, खांदे आखडलेले. ज्याचा मान करायचा त्याच्या अंगावर आपल्या अंगचे वस्त्र घालावे, ही आपली रीत. आणि द्यायचे तर आवडते तेच द्यावे, हे मी मुलींना किती वेळा सांगितले आहे. मी खांद्यावरची शाल काढली आणि तिच्या खांद्यावर घातली.

होय, तीच. तू लग्नाआधी सबंध हिवाळाभर बसून भरलेली, डाळिंबाच्या फुलांची. बोटांना सुया टोचून घेतल्यास आणि नवी सून म्हणून पहिला सलाम करायला आलीस त्या दिवशी माझ्यासमोर ठेवलीस ती.

सबोहतने ती लगेच काढली. भरतकामावर बोट फिरवून म्हणाली, "ही बाजारातली नाही. कुणी भरली?" मी म्हटले, "सुनेने." "मग तर मुळीच नको! सासवा विसरतात, सुना विसरत नाहीत." आम्ही दोघी हसलो. मी पुन्हा तिच्या अंगावर घातली. मग ती गंभीर झाली. "निदान दोन ओळी लिहून द्या, बीबी. तुमच्या पेटीत कागद आहेत." आणि मी म्हणाले, "कागद कशाला? माझा शब्द पुरेसा आहे."

त्यानंतरच्या शुक्रवारी तू घरी आली होतीस. आल्यापासून दोनदा विचारलेस की शाल का घेतली नाही, आणि दोनदा मी विषय बदलला. तू ओशसाठी, आपल्या पुलावासाठी, गाजरे चिरत होतीस, तेव्हा फोन वाजला. हॉटेलचे व्यवस्थापक कोबिल होते. फार अदबीने बोलले. "बीबी, आमच्या एका बाईकडे भरतकामाची शाल सापडली. ती म्हणते तुम्ही दिली. दिलीत, की राहून गेली?" तुझी सुरी थांबली. तू मान वर करून विचारलेस, "कोणती शाल, आया?" तुझे डोळे माझ्यावर होते. त्या एका क्षणी मला काय दिसले सांगू? तू बोलायची थांबशील, दर शुक्रवारी येणे थांबेल, इस्कंदर मधल्या मध्ये सापडेल, आणि या घरात मी एकटी उरेन. मी फोनवर म्हणाले, "राहूनच गेली असेल, बेटा."

तू म्हणालीस, "बघा! म्हणून तर चिठ्ठी-चिठ्ठी करत होते. नीट जपा म्हणावं, मी स्वतः जाऊन आणते. असल्या बायकांचा काय भरवसा!" मी तुला थांबवले नाही. ओश शिजला, मी तुला वाढला, तू दुसऱ्यांदा घेतलास म्हणून मला बरेही वाटले.

सोमवारी तोलिब-अकांनी फोन केला, आवाज दाबून, बहुधा जिन्याखालून. "रागावू नका, बीबी. सबोहतला कामावरून काढलं. बुधवारी पोलीस येतायत. साहेब म्हणतात, बीबी-ओतून जन्मात खोटं बोललेली नाही, मग खोटं कोण बोलतंय ते उघडच आहे. आणि गंमत बघा, तुमचं हे नाव साहेबांच्या कानावर घातलं कुणी? तिनंच! चार दिवस स्वयंपाकघरात हेच चाललं होतं, बीबी अशा आणि बीबी तशा." मी विचारले, ती मला काय म्हणते? "म्हणते, वय झालंय, आठवत नसेल बिचारीला."

मोहिरा, मी खोटे बोलले असे तिच्या मनातही आले नाही. तिने माझ्यासाठी दार उघडे ठेवले आहे, आणि त्या दारातून निसटावेसे मला किती वाटले, याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. 'आत्ता आठवले' एवढे म्हटले की झाले. ती सुटेल, माझे नाव राहील, म्हातारपणाची कीव करून सगळे घरी जातील. दोन दिवस मी ते वाक्य मनात घोळवले. नमाजाला जायनमाजवर बसले तरी तेच. पण कयामतीला, ज्या दिवशी जिभेवर मोहर लागेल आणि हात-पाय बोलू लागतील, त्या दिवशी माझे हात सांगतील की शाल आम्ही घातली होती आणि आम्हाला पहिल्यापासून आठवत होते. म्हणून मी 'आठवले' म्हणणार नाही. मी खोटे बोलले, असेच म्हणणार आहे. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आयांच्या कानी ते संध्याकाळपर्यंत जाईल. जाऊ दे.

काल कोबिल यांना फोन करून शाल मीच दिली होती असे सांगितले. ते म्हणाले, "दयेपोटी लोक जबाब फिरवतात, बीबी. फोनवर नको. स्वतः या. आणि शाल ज्यांनी भरली त्यांनाही आणा, म्हणजे ती तुमचीच होती आणि तुम्हाला द्यायचा हक्क होता, हे कागदावर येईल."

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. ते टपालाने आलेले नाही, हे तुझ्या लक्षात आलेच असेल. ज्या टॅक्सीवाल्याने तुझ्या दारात ते दिले, त्याच्या गाडीत मागच्या बाजूला मी बसले आहे, खाली, तुझ्या अंगणातल्या तुतीपाशी. जिना चढता येतो. पण तुझे डोळे समोर आले की माझी जीभ काय करते ते मी एकदा पाहिले आहे, म्हणून हे लिहून पुढे पाठवले. दिलेल्या गोष्टीचा राग धर, तो तुझा हक्क आहे. तुझ्या बोटांचे कष्ट मी तुला न विचारता दिले. मात्र ती शाल परत मागू नकोस. येशील तर तिथे एवढेच सांग की ती सासूला दिली होती, पुढे तिने ती कुणाला दिली याला तुझी हरकत नाही. मी अर्धा तास थांबेन. तू खाली आली नाहीस तर एकटी जाईन, आणि तुला दोष देणार नाही. पण चपला घालून ये, पोरी. मला फार भीती वाटते आहे.

तुझीच,
आया

हे पत्र तुझ्या मागून कोबिल यांच्या, अधिकाऱ्याच्या किंवा आणखी कुणाच्या हाती गेले, तर वाचणाऱ्या प्रत्येकाला तो दयाळू खरे बोलण्याचा धीर वेळेवर देवो, त्यांची लेकरे सुखात राहोत, आणि त्यांच्या चुकीपायी दुसऱ्या कुणाच्या दारी पोलीस न येवो. आमीन.