नायट्राइडची भुकटी

ड्रेस्डेन, ४ मे २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कॅन्सरने तुमचा आवाज नेला, पण रसायनाच्या मास्तरांची खोड गेली नाही. दोन पानं नुसते प्रश्न. उत्तर देते. लोखंड आणि निकेलचे क्षार अमोनिया वायूत तापवले की नायट्रोजन धातूत शिरतो आणि नायट्राइडची काळी भुकटी मिळते. कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. धातूच्या पट्टीवर तिचा लेप देऊन वीज सोडली की पाण्यातून हायड्रोजन सुटतो. एरवी याला महागडं प्लॅटिनम लागतं. शिवाय भुकटी चुंबकाला चिकटते, म्हणून द्रवात सांडली तरी परत गोळा करता येते.

आता पट्टी किती टिकते ते बघायचंय. महिनाभर वीज अखंड चालू ठेवायची. मधे सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. चाचणी संपली की लगेच पार्ल्याला येते.

तुमचं अक्षर या वेळी एवढं तिरकं का? आईला विचारलं तर ती विषय बदलते. खरं काय ते कळवा.

मायेवर हक्क सांगणारी,
शर्मिष्ठा


विलेपार्ले, २१ मे

चि. शर्मिष्ठास अनेक आशीर्वाद.

चुंबकाचा भाग फार आवडला. शेजारच्या नंदकुमारला पाटीवर आकृती काढून समजावलं. तो म्हणाला, मधू, पोरगी पाण्यावर चूल पेटवणार तर.

अक्षराचं विचारलंस. आजार आता फुफ्फुसात उतरलाय. डॉक्टरांनी औषधं थांबवली. तुझी आई तुला फोन करते म्हणते, मीच अडवलंय. तिच्यावर रागावू नकोस. आणि चाचणी टाकून यायचं नाही. मी जन्मभर शाळेत प्रयोग करून दाखवले, पण सगळ्यांची उत्तरं आधीच ठाऊक होती. उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग आपल्या घरात पहिल्यांदाच होतोय. तो पुरा कर, मग ये. मी वाट बघेन.

जेवणाची आबाळ करू नये.
तुझा बाबा


विलेपार्ले, ३० जून

चि. शर्मूस आशीर्वाद.

काल फोनवर तू फार रडलीस, म्हणून लिहिते. परत गेलीस तर खोलीच्या दारात बाबांचं पत्र पडलेलं. ते टपालात पडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला राहवलं नाही, मी फोन केला आणि तू हातातलं टाकून निघालीस. त्यांचा शब्द मोडला आणि पट्टीही वाया गेली, हे तुला लागलंय.

तू घरात आलीस तेव्हा त्यांनी पाटीवर 'चाचणी?' एवढंच लिहिलं. तू बंद केली म्हणालीस, तर तोंड फिरवलं. तेवढंच तू पाहिलंस. तू अंघोळीला गेल्यावर त्यांनी मला पाटीवर लिहून विचारलं, ही खरंच आलीय की तापात दिसतेय? मी म्हटलं, खरंच आलीय. तेव्हा ते हसले गं. ऑपरेशननंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. पुढे ते गेले, त्या गडबडीत तुला सांगायचं राहून गेलं.

पत्र वेळेत मिळालं असतं तर तू त्यांचं ऐकलं असतंस. त्यांनी वाटही बघितली असती, पण श्वास पुरला नसता. टपालाने उशीर केला, बरं केलं.

पट्टी पुन्हा लाव. मला त्यातलं काही कळत नाही, त्यांच्यासारखे प्रश्नही विचारता येणार नाहीत. तरी लिहीत जा. मी दोनदा वाचेन.

तुझी,
आई